लंबूची रेघ

सोमवार, ३ मार्च

आज कार्यकारिणीत ठरलं. म्हणजे मी ठरवलं आणि बाकीच्यांनी चहा संपेपर्यंत विरोध करून पाहिला. लंबूच्या जागी नवा क्युरेटर निवडायचा, पण अर्जावरचं नाव न बघता. ऑफिस सांभाळणाऱ्या बाई नावं काढून अर्जांना नंबर देतील आणि निवड झाल्यावरच नाव सांगतील. खजिनदार म्हणाला, इतक्या वर्षांत आपण असं कधी केलं नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं लंबू होता, निवडायची वेळच आली नाही.

लंबू जाऊन चार महिने झाले. संस्थेचं मोठं प्रदर्शन दर तीन वर्षांनी भरतं आणि आजवरचं प्रत्येक त्यानेच लावलं. क्युरेटर हा शब्द त्याला आवडायचा नाही, "मी टांगणारा माणूस" म्हणायचा. तिन्ही दालनांच्या भिंतींवर त्याची पेन्सिलची रेघ अजून आहे, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सरळ. प्रत्येक चित्राचा मध्य त्या रेघेवर यायचा. रेघ त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि हा माणूस दारातून वाकून आत येणारा. भिंतींना नवा रंग दिला की आम्ही दोघं दोरी ताणून रेघ पुन्हा मारायचो. दोरीचं एक टोक तो धरायचा, दुसरं मी, खोक्यावर उभा राहून. माझ्या फ्रेमच्या दुकानात काचा यायच्या तो लाकडी खोका. मी वर चढलो की तो म्हणायचा, "ये गिड्ड्या, वरची हवा खा." या वेळी रेघ त्याच्याशिवाय मारायची आहे आणि तो विचार मी सध्या बाजूला ठेवला आहे.

उद्घाटन जुलैत. एप्रिलच्या मध्यापर्यंत माणूस ठरला नाही तर चित्रं देणारे संग्राहक हात आखडता घेतील आणि यंदा प्रदर्शनच होणार नाही. लंबू गेला आणि प्रदर्शन बंद पडलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

नावं झाकायचं आणखी एक कारण आहे. सूनबाईने काल जेवताना सांगितलं की तीही अर्ज करणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, जरूर कर, पण तुझा अर्ज कोणता ते मला कळता कामा नये. ती बरं म्हणाली. आज सभेत हे मी सगळ्यांसमोर उघड सांगून टाकलं. कार्यकारिणीतल्या चित्रकार बाईंनी विचारलं, मग अध्यक्ष, तुम्हीच बाजूला का होत नाही? मी म्हटलं, नावच नाही तर नातं कुठलं? बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणजे पटलं असावं.

शनिवार, ८ मार्च

घरात मला न विचारता ठोकाठोक चालू आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून आमची ही पुढच्या खोलीत पलंगावर असते. आज दुकानातून आलो (दुकान आता पुतण्या चालवतो, मी दुपारी जाऊन त्याच्या चुका काढून येतो) तर भिंतीवरचं घड्याळ माझ्या कमरेशी आलेलं. कॅलेंडर खाली, मुलाचा जहाजावरचा फोटोसुद्धा खाली. सूनबाईच्या हातात हातोडी, दातांत खिळा. म्हणाली, आईंना पडल्यापडल्या घड्याळ दिसत नव्हतं, दर वेळी मान उचलावी लागायची. मी म्हटलं, विचारलं असतं तर मी वेळ सांगितली असती.

"तुम्ही घरी असता तेव्हा ना," ही म्हणाली.

चांगल्या भिंतीला वर भोकं पडली ती पडलीच. न्हाणीघरातला आरसा तर तिने गेल्याच आठवड्यात उतरवला, हिला चाकाच्या खुर्चीतून केस विंचरता यावेत म्हणून. मला आता दाढी करताना नुसता गळा दिसतो. तिची पाठ वळल्यावर घड्याळाला पाणसळ लावून पाहिली. सरळ होतं. तेवढं येतं तिला.

माझी मान पुन्हा धरली आहे. पट्टा लावून जेवायला बसलो तर सूनबाई अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "कलेपुढे मान वर करावी लागते, बाबा." ही इतकी हसली की पाणी नाकात गेलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते दोघींपैकी कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं. असेल. पण दर प्रदर्शनानंतर माझी मान धरते आणि ती अगदी तिशीपासून धरते आहे.

रविवार, १६ मार्च

सूनबाई आज सकाळपासून बाहेर. शेजारणीला हिच्याजवळ बसवून गेली होती. संध्याकाळी विचारलं, कुठे होतीस? म्हणे, दुसऱ्या एका कलादालनात. मी विचारलं, काय पाहिलंस? म्हणे, बाकावर बसले होते. मी म्हटलं, दिवसभर? म्हणे, हो, लोक कुठे दमतात ते बघत होते. तिकीट काढून बाकावरच बसायचं असेल तर बाग काय वाईट आहे?

हिला मात्र ती सगळं रंगवून सांगत होती. पलीकडच्या खोलीत मला एवढंच ऐकू आलं की एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्या दालनातूनच मागे फिरले आणि त्यांची बायको तिसऱ्याच्या दारातून त्यांना हाका मारत राहिली. दोघी बराच वेळ खुसुखुसू करत होत्या. म्युझियममधली नोकरी तिने ही पडली तेव्हा सोडली. सोड असं आम्ही कुणी म्हटलं नव्हतं. तिने सोडली आणि आम्हीही मग तो विषय काढला नाही.

शुक्रवार, २८ मार्च

अर्ज आले. सगळे दुकानात नेऊन वाचले, घरी नाही. याला म्हणतात काटेकोरपणा.

बहुतेक अर्ज नुसते शब्दांचे बुडबुडे आहेत. पहिल्याला काय म्हणायचंय ते त्याचं त्यालाच ठाऊक. तिसऱ्याने माझ्या संस्थेला 'अवकाश' म्हटलंय. चौथा अर्ज छापलाय सुरेख, आणि त्याचं पहिलंच वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. "कलेपुढे मान वर करावी लागते." हे वाक्य मी माझ्या घरात, माझ्या टेबलावर ऐकलं आहे. सूनबाई, सापडलीस!

पुढे नुसतं भरताड आहे. कलेची उंची काय, रसिकाची उन्नती काय, लंबूची रेघ म्हणे आणखी चार बोटं वर न्यावी. मला मनापासून वाईट वाटलं. पोर मेहनती आहे, हिचं सगळं करते, आणि लिहायला बसली तर हे असं. घरात एवढं साधं बोलते, मग कागदावर काय होतं कोण जाणे. पण माझं मन मी घट्ट केलं आहे. चौथा अर्ज पडणार आणि तो माझ्याच हातून पडणार.

आता दुसरा अर्ज. हा वाचून आधी तळपायाची आग मस्तकात गेली. सुरुवातच अशी: "आधी बाकडी ठरवावीत, मग चित्रं." बाकडी! पुढे लिहिलंय की आपलं प्रदर्शन उभ्या, धडधाकट आणि उंच माणसासाठी लावलेलं असतं, बाकीचे येतात आणि दमून परत जातात. रेघ खाली आणावी. किती खाली, ते बसलेल्या माणसाला विचारून ठरवावं.

लंबूची रेघ खाली! अर्ज टेबलावर आपटून पुतण्यावर खेकसलो, काही कारण नसताना. मग पुन्हा उचलून वाचला. घरी यायच्या आधी आणखी एकदा वाचला.

बुधवार, २ एप्रिल

दुसरा अर्ज डोक्यातून जात नाही. आज मुद्दाम दालनात जाऊन बसलो. सध्या तिथे कॉलेजच्या मुलांची चित्रं आहेत. रखवालदाराची खुर्ची रिकामी दिसली की कुणी ना कुणी तिच्यावर टेकत होतं आणि रखवालदार बिचारा भिंतीला टेकून उभा. तिसऱ्या दालनात तर कुणी फिरकतच नव्हतं. हे मी इतकी वर्षं बघत आलोय आणि लोकांना चित्रांतलं कळत नाही असं म्हणत आलोय.

लंबू असता तर म्हणाला असता, "गिड्ड्या, लोकांना उचलायचं असतं, चित्रांना उतरवायचं नसतं." त्याच्याशी मी कधी वाद घातला नाही. घालायला हवा होता का? आज पहिल्यांदाच वाटलं की घातला असता तर त्याला आवडलं असतं. वाद घालायला माणूस उरला नाही की असले विचार येतात.

मी चित्रकार नाही, फ्रेमवाला आहे. मला एवढं कळतं की चित्र फार वर गेलं की दिव्याची तिरीप काचेवर येते आणि माणसाला चित्राऐवजी दिवाच दिसतो. दोन नंबरवाल्याला हे कळतं. ज्याने आयुष्य असं उभ्या उभ्या काढलंय, ज्याचे पाय बोलायला लागलेत, असा कुणीतरी वयस्क माणूस असणार. बहुधा पुरुष. बाईमाणसाला इतकं रोखठोक लिहायला जड जातं. भेटला की त्याला दुकानात बोलावून चहा पाजणार आहे.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. सलग बोललो, अर्धा तास तरी. ही डोळे मिटून ऐकत होती, मधेच ओठ चावत होती. पाय दुखत असावा. सूनबाई दाराशी उभी होती, तिने विचारलं, "मग बाबा, तुम्ही दोन नंबरलाच मत देणार?" मी म्हटलं, हे तुला सांगता येणार नाही, नियम आहे. ती बरं म्हणून आत गेली आणि आत काहीतरी भांडं पडलं.

किती वाजले बघायला वाकावं लागलं. या घड्याळाचं काहीतरी केलं पाहिजे.

शनिवार, ५ एप्रिल

जिंकलो आणि तोंडावर आपटलो. नीट लिहितो.

सकाळी सभा. खजिनदार चौथ्या अर्जाच्या प्रेमात. मी उभा राहून त्या अर्जाचं पीठ केलं. म्हटलं, हा अर्ज कसला, हे सत्काराचं भाषण आहे, आणि मान वर करा म्हणणाऱ्याने कधी कुणाची मान धरलेली बघितली नसावी. सगळे हसले. मला आतून फार टोचत होतं, कारण मी कुणाबद्दल बोलतोय ते मला माहीत होतं. तरी बोललो. मग दोन नंबरसाठी भांडलो. बाकड्यांवर बोललो, काचेवर बोललो, लंबूच्या रेघेवर बोललो आणि ती खाली आणावी असंच बोललो. चित्रकार बाई आधीपासूनच माझ्या बाजूच्या निघाल्या. शेवटी खजिनदार एकटा पडला.

दोन नंबर ठरला. ऑफिसच्या बाईंना नाव वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. आडनाव माझंच होतं.

मी म्हटलं, बाई, चार नंबरचं नाही, दोन नंबरचं वाचा. त्या म्हणाल्या, दोन नंबरचंच वाचलं. चौथा अर्ज खजिनदाराच्या त्या लाडक्याचा निघाला, परदेशात शिकून आलेला, ज्याच्या मुलाखती छापून येतात तो. चित्रकार बाई खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. खजिनदार हसला नाही. हात जोडून म्हणाला, "वा अध्यक्षमहाराज, शेवटी घरचंच निघालं की." मी शपथेवर सांगितलं की मला ठाऊक नव्हतं. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चित्रकार बाई सोडल्या तर एकाच्याही चेहऱ्यावर विश्वास नव्हता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याही नसता. निवड पुढच्या शनिवारी सगळ्या सभासदांसमोर मंजूर व्हायची आहे.

रविवार, ६ एप्रिल

सूनबाईला म्हटलं, अर्ज मागे घे. पुढच्या वेळी बघू.

पुढची वेळ तीन वर्षांनी. हे तिने बोलून दाखवलं नाही. ती हिच्या पायाचा व्यायाम घेत होती, टाच धरून पाय हळूहळू उचलायचा आणि खाली ठेवायचा. मी बोलत राहिलो. म्हटलं, संस्थेत माझ्या नावावर आजवर एकही डाग नाही. म्हटलं, लोक म्हणतील सासऱ्याने चिकटवली, आणि ते तुझ्याही कपाळी चिकटेल. पाय खाली ठेवून, चादर नीट करून मगच ती माझ्याकडे वळली.

"बाबा, अर्ज करताना मी तुमची परवानगी मागितली नव्हती. मागे घ्यायलाही मागणार नाही आणि घेणारही नाही. तुम्हाला नको असेल तर सभेत उभं राहून नको म्हणा. कारण मात्र अर्जातलं द्या, माझ्या आडनावाचं नको."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं पडलं असतं. मी छत्री घेऊन बाहेर पडलो, ऊन असताना.

मंगळवार, ८ एप्रिल

खजिनदार दुकानात आला होता, तोंडात साखर घेऊन. त्याने तोड काढली आहे. क्युरेटर चार नंबरवाला, सूनबाई त्याची सहायक, आणि माझं अध्यक्षपद जिथल्या तिथे. कुणाचंच नाक कापलं जाणार नाही. मला पटलं. खरं लिहायचं तर पटण्याआधीच हायसं वाटलं.

घरी येऊन हिला उत्साहाने सांगितलं. सूनबाई औषधं आणायला गेली होती. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, शनिवारी सभा सुरू झाली तेव्हा दोन नंबरचा माणूस तुम्हाला हुशार वाटत होता. सभा संपताना तो आपली सून निघाला, म्हणून त्याची अक्कल गेली का?"

मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ही म्हणाली, मग तत्त्वाने सांगा, त्या अर्जात चूक काय आहे. मग मी विषय बदलायला म्हटलं की त्या चार नंबरवाल्याने सूनबाईचं वाक्य चोरलंय, मान वर करायचं. ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, लहान मुलाकडे बघावं तशी.

"ते वाक्य तुमचं आहे," ही म्हणाली. "रौप्यमहोत्सवाचं भाषण. स्मरणिकेत छापलंय. आदल्या दिवशी मला तीनदा म्हणून दाखवलं होतंत." म्हणजे त्या परदेशी शिकलेल्याने अध्यक्षांना खूश करायला त्यांचंच वाक्य वर लावलं, आणि मी ते भर सभेत फाडलं.

मी विचारलं, दोन नंबर तिचा आहे हे तुला केव्हा कळलं? म्हणाली, इथेच तर लिहिला तिने, या पलंगाशी बसून. एकेक ओळ मला वाचून दाखवायची, मी नाक मुरडलं की खोडायची. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, कळता कामा नये.

किती वाजले बघायला वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो. घड्याळ. आरसा. कॅलेंडर. मुलाचा फोटो. आठवडाभर मी दोन नंबरच्या माणसाला शोधत होतो आणि महिनाभर तो माझ्या घरात खिळे ठोकत होता. हिला वाटलं माझी कंबर धरली.

खजिनदाराला फोन करून सांगितलं की तुझी तोड मला मान्य नाही. तो म्हणाला, मग शनिवारी सभेत भेटू. मी म्हटलं, भेटूच.

शनिवार, १२ एप्रिल

हॉल भरला होता. प्रदर्शनाला येत नाहीत ते सभासदही आज हजर. भांडणाचा वास लागला की माणसं वेळेवर येतात.

विषय निघायच्या आधीच मी उभा राहिलो आणि सांगितलं की अध्यक्षपद सोडतोय, आजपासून, आत्तापासून. चित्रकार बाई पहिल्या दिवशी मला बाजूला व्हा म्हणाल्या होत्या, त्यांचं बरोबर होतं. नाव झाकलं की नातं झाकलं जातं हा माझा शहाणपणा होता. मी मत देणार नाही. फक्त एक विनंती आहे, दोन्ही अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावेत आणि मग ठरवावं. एवढं बोलून मागच्या रांगेत जाऊन बसलो. खजिनदार माझ्यावर दगड घेऊन तयार होता, पण दगड मारायला समोर माणूसच उरला नाही, तो जरा गडबडला.

चित्रकार बाईंनी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून अर्ज वाचले, आधी चौथा. पहिलं वाक्य झाल्यावर मला राहवलं नाही. जागेवरूनच म्हटलं, "हे वाक्य माझं आहे. आणि ते चुकीचं आहे."

हशा झाला. मग दुसरा अर्ज. बाकड्यांपाशी लोक अजून हसत होते. त्या म्हाताऱ्या गृहस्थांची गोष्ट आली (घरी कानावर पडूनही अर्जात मी ती ओळखली नव्हती), दुसऱ्या दालनातून मागे फिरलेल्या, बायको हाका मारत असताना, तेव्हा हसू थांबलं. माझ्या शेजारच्या वयस्क सभासद गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या, त्यांनी हळूच मान हलवली. हात वर झाले. बाईंनी मोजले, मी मोजले नाहीत, पण खजिनदाराचा चेहरा मला दिसत होता.

दालनांच्या किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. बसची वाट बघत किल्ल्यांच्या खिशात दोनदा हात घातला, सवयीने.

सूनबाई घरीच होती. मी सांगितल्यावर ती खाली बसली, मग हिच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. हिने तिच्या केसांवरून हात फिरवला. मी चहा टाकला. साखर घालायला विसरलो, तरी दोघींनी संपवला.

बुधवार, ११ जून

मला दालनात जायला बंदी नाही, पण बोलावणंही नाही. न बोलावता जाणार नाही असं ठरवलंय. पुतण्या म्हणतो, काका, तुम्ही दुकानात जास्त यायला लागलात. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

सूनबाई रोज अंगावर रंगाचे ठिपके घेऊन घरी येते. दिवसा आता हिच्याजवळ मी असतो. व्यायाम घ्यायला शिकलो, टाच कशी धरायची ते हिनेच शिकवलं. आज जेवताना सूनबाईने विचारलं, बाबा, मोठ्या चित्राच्या काचेवर खिडकीची तिरीप येते, काय करू? मी सांगितलं, फ्रेमच्या मागे वरच्या कडेला लाकडाची चकती घाल, चित्र किंचित पुढे झुकेल. तिने लिहून घेतलं. संस्थेत इतकी वर्षं लोकांनी मला चित्रांबद्दल विचारलं आणि मी उत्तरं ठोकून देत आलो. काचेबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि मला खरं तर तेच येतं.

भिंतींना रंग देऊन झाला म्हणे. म्हणजे रेघ गेली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

शुक्रवार, ११ जुलै

आज बोलावणं आलं. सकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, रेघ मारायची आहे. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय." मी म्हटलं, तुझ्याकडे माणसं आहेत ना? ती म्हणाली, "दोरी धरता येणारा हवाय."

हिलाही घेतलं, चाकाच्या खुर्चीत. हाड मोडल्यापासून ही दवाखाना सोडून कुठे बाहेर पडली नव्हती. दालनाच्या पायऱ्यांवर आता लाकडी उतार केलाय, खुर्ची सरळ आत गेली. जाताना मी दुकानातून खोका घेतला. तो नसला तर माझा हात पोचत नाही. मानेला आधीच पट्टा लावला, टांगायच्या दिवशी लावतोच.

आत भिंती कोऱ्या, पांढऱ्या. बाकडी जागच्या जागी बसवलेली, चित्रं अजून जमिनीवर, भिंतीला टेकून. मी वर बघणार नव्हतो, पण बघितलंच. तिसऱ्या दालनाच्या दाराशी, वर, रंगाऱ्यांनी हातभर जागा सोडली होती. जुना पिवळट रंग, आणि त्यावर लंबूची रेघ. खाली पाटी नाही, काही लिहिलेलं नाही. मी सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, तेवढी पुसायला सांगवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवताही येईना, पट्ट्यात मान खाली घालता येत नाही.

मग कामाला लागलो. सूनबाईने हिची खुर्ची भिंतीसमोर मधोमध आणली, दोरी भिंतीला लावून एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्याकडे दिलं. मी सवयीप्रमाणे खोका भिंतीशी सरकवला आणि वर चढायला पाय ठेवला.

"चढू नका, बाबा," सूनबाई म्हणाली. "बसा."

मी खोक्यावर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ही समोरून सांगत होती, जरा वर, अगं जरा खाली, हां, आता दिसतंय. दोरी ताणली गेली आणि माझ्या डोळ्यांसमोर आली, अगदी समोर. सूनबाईने पेन्सिल फिरवत आणली, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, माझ्या बोटांपर्यंत.

तिसरं दालन संपेपर्यंत भिंतीभिंतीशी खोका सरकवत मी बसूनच दोरी धरली. मग त्यांनी पहिलं चित्र टांगलं, लंबूचं आवडतं, नदीवरच्या घाटाचं. आम्ही दोघं समोर होतो, ही तिच्या खुर्चीत आणि मी माझ्या खोक्यावर. बराच वेळ बसून राहिलो. घाटाच्या खालच्या पायरीवर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली आहे. ही म्हणाली, बघा, तीपण दमली होती.

घरी येऊन पट्टा काढला. मान दुखत नव्हती.